गहाळ झालेल्या वित्त संचालकाचा तपास

घारीची नजर, सशाचे कान आणि एका मोठ्या प्राण्याची स्मरणशक्ती (नाव आत्ता आठवत नाही) घेऊन मी जन्माला आलो. गुप्तहेर म्हणूनच आलो. पण पोट नावाची वस्तूही सोबत आली होती, म्हणून पंखे बनवणाऱ्या एका कंपनीत वेषांतर करून शिरलो. आधी कारकुनाचा वेष घेतला, मग हिशेबनिसाचा, मग वित्त संचालकाचा. आता संचालक मंडळाच्या लांबलचक टेबलाशी बसतो. एकतीस वर्षांत कुणालाही संशय आला नाही. बायकोला तर मी कसलाच वाटत नाही, इतकं वेषांतर बेमालूम आहे.

खाली हिशेब खात्यात माझ्यावर एक ओवी म्हणतात. मी ती जिन्याआडून ऐकली आहे.

*कागद गेला वर गं बाई, कागद आला खाली,*
*लाल शाईची टिकली लावून आपल्या भाळी.*

चाल चांगली आहे. मजकुराकडे मी लक्ष देत नाही.

तर प्रकरण असं. मंगळवारी सकाळी अकरा वाजता कंपनीच्या सचिव बाई वार्षिक सभेच्या सूचनेचा मसुदा घेऊन आल्या. कंपनीचे कायदेकानून या बाई सांभाळतात आणि समोरच्याकडे चष्म्याच्या वरून बघतात. सूचना संध्याकाळी पाचला छापायला जायची होती. पुढची तीन वर्षं कोण कोण संचालक राहणार, त्यांची नावं चौथ्या कलमात होती. अध्यक्षांचं होतं. विक्री संचालकांचं होतं. माझं नव्हतं.

मी कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी. म्हणजे पाचच्या आत नाव सापडलं नाही, तर सभेच्या दिवशी जेवणापर्यंत मी संचालक आणि जेवणानंतर पाहुणा.

बाई म्हणाल्या, "साहेब, तुमचं असं झालंय की..."

मी हात वर केला. साक्षीदाराला आपणहून बोलू देणं हा तपासातला पहिला गाढवपणा. आधी सिद्धांत हवा. पुरावे आधी आले की सिद्धांताला बसायला जागा उरत नाही.

पहिला संशय अध्यक्षांवर. आदल्याच दिवशी लिफ्टमध्ये त्यांनी मला 'तब्येत काय म्हणते?' असं विचारलं होतं. एकतीस वर्षांत जो माणूस पावसापाण्याचंही बोलला नाही, तो एकदम तब्येतीवर येतो, याचा अर्थ काय? मी त्यांच्या खोलीत जाऊन आडवळणानं उलटतपासणी घेतली. निघालं ते इतकंच, की त्यांचा गुडघा धरला होता आणि त्यांना कुणा चांगल्या डॉक्टरचं नाव हवं होतं. मी नाव दिलं आणि आरोपी गमावला.

दुसरा संशय विक्री संचालकांवर. त्यांच्या आवाजामुळे सगळे त्यांना नगारा म्हणतात. सभागृहातली माझी खुर्ची गेले दोन आठवडे इतरांपेक्षा चार बोटं खाली होती. माझी हनुवटी टेबलाला टेकत होती, आणि हनुवटी टेकलेल्या माणसाचं मत कोण विचारतो? हा डाव नगाऱ्याचाच. खुर्चीचा खटका तपासायला मी टेबलाखाली शिरलो, तेवढ्यात नगारा स्वतः तिथे आले. माझे नुसते पाय दिसताच तेही रांगत आत आले आणि काय हरवलं म्हणून विचारू लागले. मी म्हटलं, टाचणी. तो भला माणूस गुडघ्यांवर पंधरा मिनिटं टाचणी शोधत राहिला. इतक्या सरळ माणसाकडून कट होत नाही. कहर म्हणजे त्यांना टाचणी सापडली.

मग उरली पेन्सिल. ही माझ्या हाताखालची, शेजारच्या खोलीत बसणारी उपसंचालिका. माझ्या धाकानं सगळं शिसपेन्सिलीनं लिहिते, म्हणून पेन्सिल. खोलीत परतलो तर ही बया माझी खिडकी टेपनं मोजत होती. माझी खोली, माझी खिडकी, आणि वारस मोजमाप घेतोय. मी सहज विचारल्यासारखं केलं, किती भरली? तिनं सांगितलं, "साडेचार फूट. दुपारी तुमच्या डोळ्यांवर ऊन येतं ना सर, पडदा शिवायला सांगितलाय. तुम्ही डोळे बारीक करता, आणि खाली सगळ्यांना वाटतं रागावलात."

इतकं मायेचं उत्तर फक्त सराईत गुन्हेगारच देऊ शकतो. माझी खात्री पटली.

जेवायच्या सुट्टीत मी बायकोला फोन करून सगळा कट उलगडून सांगितला. पलीकडे तिनं सगळी भांडी लावून घेतली. मग ती म्हणाली, "अहो, पण त्या सचिव बाईंना विचारलंत का?"

साध्या माणसांची बुद्धी ही अशी सरळ रस्त्यानं जाते. तरीही साडेतीनला मी बाईंना बोलावलं, विचारायला नाही, निकाल सांगायला. मी पेन्सिलचं नाव घेतलं. बाईंनी माझ्याच टेबलावरच्या डाव्या ट्रेमधून, तळातून, एक फाइल ओढून काढली. माझ्या फेरनेमणुकीचा प्रस्ताव. वर लाल शाईत शेरा होता: 'हे खरंच आवश्यक आहे का? पर्याय तपासा. संबंधित विभागाचं लेखी उत्तर येईपर्यंत पुढे पाठवू नये.'

मी शेऱ्यावर भिंग धरलं. अक्षर बोलतं. मी बाईंना सांगितलं, हा लिहिणारा चिक्कू आहे, संशयी आहे, भराभर जेवतो, आणि याला जिवाभावाचा मित्र एकही नसणार. असा माणूस आपल्या इमारतीत कोण आहे?

बाईंनी पान उलटलं. खाली माझी सही होती.

कुठलाही कागद पहिल्या खेपेला, न वाचता, परत पाठवायचा, या एका नियमावर मी कारकुनाचा संचालक झालो. लोक दुसऱ्यांदा नीट करून आणतात, निम्मे तर आणतच नाहीत. तीन आठवड्यांपूर्वी या नियमात मीच सापडलो होतो. संबंधित विभाग वित्त, म्हणून उत्तर द्यायला फाइल माझ्याकडेच आली आणि माझ्याच ट्रेमध्ये माझी वाट बघत बसली.

"सकाळपासून तेच सांगत होते," बाई म्हणाल्या. "दोनदा स्मरणपत्रही पाठवलं. ते तुम्ही शेरा मारून परत केलंत. आता उत्तर लिहा, नाव घालते."

मी लिहायला बसलो. पहिलं कारण लिहिलं: अनुभव. हात आपसूक समासात गेला आणि लिहून आला, 'कोणाचा? पुरावा जोडा.' दुसरं लिहिलं: कंपनीवरची माया. समासात, 'मोजमाप?' तिसरं कारण लिहायला वेळ लागला. 'सकाळी उठून आवरल्यावर जायचं कुठे, हे माहीत नाही.' या वाक्यापाशी मात्र लाल पेन बराच वेळ नुसतं उघडं राहिलं. शेरा काही सुचेना. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या, म्हणजे त्यांनी वाचलं होतं.

मग तो कागद फाडून मी नवा घेतला आणि सरळ लिहिलं: 'पर्याय तपासला. शेजारच्याच खोलीत आहे आणि माझ्यापेक्षा बरा आहे. मागणी तीन वर्षांची. मंजूर एक वर्ष, काम हाती सोपवण्यापुरतं.' एकतीस वर्षांत मी कुणाचीही मागणी पूर्ण मंजूर केली नव्हती. स्वतःच्या वेळी पंक्तिप्रपंच बरा दिसला नसता.

बाईंनी दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. "यावर शेरा?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

पावणेपाचला अध्यक्षांनी ते वाचलं आणि लगेच सही केली. हरकत नाही, प्रश्न नाही, 'थांबा हो अजून' असं तोंडदेखलंही नाही. प्रकरण मिटलं असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. ती सही इतकी चटकन कशी झाली, याचा तपास मी आजपासून हाती घेतला आहे.