सातव्या चौकोनाचा चहा

वसईतील समस्त नागरिकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, इनास सरांच्या घरी हल्ली चहा मिळतो.

ज्यांना सर ठाऊक नाहीत, त्यांना या बातमीचं वजन कळायचं नाही. सर निवृत्त गणित शिक्षक. आमच्या इमारतीला लागूनच त्यांची केळीची वाडी. चहा म्हणजे त्यांच्या मते उकळलेला पाचोळा. त्यांच्याकडे गेलेल्याला पाणी मिळायचं आणि उपदेश मिळायचा. घरात चहा प्यायच्या त्या एकट्या मोनिकामावशी, सरांच्या पत्नी. दिवसातून पाच वेळा, नवऱ्याच्या नाकावर टिच्चून. त्यांनी पाहुण्यापुढे कप धरला, की सर परस्पर सांगायचे, "त्यांना नकोय."

सरांना वेड मातीचं. मातीत कुजलेला पाला, शेण, मुळं असं सेंद्रिय किती मुरलंय, हे प्रयोगशाळेत न जाता कॉम्प्युटरकडून वदवून घ्यायचं, हा त्यांचा ध्यास. मातीचा फोटो, पाऊस, पीक, उतार, एकेकाचा रकाना भरून हे सगळं स्वतः बसवलेल्या मॉडेलमध्ये घालायचं, की आकडा बाहेर. "आकडा आधी, मत नंतर," हे त्यांचं पालुपद. पाहुण्याचं मात्र नाव नंतर, चपला आधी. "जूचंद्रहून आलात? उलट्या करा बघू." मग तळाचा चिखल चमच्याने खरवडून औषधाच्या डबीत. एका दफनविधीला सगळे कबरीत मूठमूठ माती टाकत होते आणि सर एकटेच खिशात भरत होते. मावशींनी कोपर मारलं, तेव्हा अर्धी परत टाकली.

वाडीचे त्यांनी सुतळीने बारा चौकोन पाडलेत. पडताळा म्हणून प्रत्येकातली माती प्रयोगशाळेत जायची. अकरा चौकोनांत दोन्ही आकडे छान जुळायचे. सातवा, स्वयंपाकघराच्या दाराशी असलेला, हट्टाला पेटलेला. मॉडेल म्हणे माती बेताची, प्रयोगशाळा म्हणे मातब्बर. सर भातात आमटीऐवजी पाणी ओतू लागले, तेव्हा मावशीच म्हणाल्या, "अहो, तीस वर्षं मी चहाचा चोथा तिथे टाकते. सांगा की तुमच्या मशीनला."

सरांनी ठणकावलं, "बायको हा रकाना होऊ शकत नाही."

पुढे मावशी लेकीच्या बाळंतपणाला ऑस्ट्रेलियाला गेल्या, सहा महिन्यांच्या बोलीवर. दोन पावसाळे गेले, दुसरं नातवंडही झालं, मावशी तिथेच.

गेल्या महिन्यात प्रयोगशाळेचा नवा अहवाल आला. सातव्या चौकोनाचा आकडा उतरला होता, आणि उतरून थेट मॉडेलच्या आकड्यावर येऊन बसला होता. बाराच्या बारा बरोबर! मी केक घेऊन धावलो. सर तो अहवाल हातात धरून बसले होते, गणितातच नापास झाल्यासारखे. केक त्यांनी तसाच झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून चहा सुरू झाला. पोस्टमन, मीटरवाला, केळी न्यायला आलेला टेम्पोवाला, कुणालाच सुटका नाही. चहा असा, की चमचा उभा राहावा. नको म्हणणाऱ्याला सर चपला परत देत नाहीत. स्वतःही पितात, डोळे मिटून, एरंडेल घेतल्यासारखे. एवढं माणसांत मिसळू लागलेत, म्हणून आमच्या इमारतीत कौतुकच झालं.

परवा रिकामा कप ठेवायला मागच्या दाराशी गेलो, तर सर सातव्या चौकोनात उकिडवे बसलेले. शेजारी पातेलं, हातात गाळणी. चोथा बोटांनी मातीत कालवत होते.

मी म्हटलं, "सर, आत्ता कुठे मॉडेल जुळलंय. असं केलंत तर परत चुकेल की."

सरांच्या कपाळाला माती लागली होती. त्यांनी वर पाहिलंच नाही.

"चुकू दे रे. नाताळात ती येतेय, आली की आधी इथेच बघणार. आणि एकट्याचा चोथा होऊन होऊन होतो तरी किती?"