मुनीर सलोत्री आन मैनाच्या पोटातली गाठ

मुनीर सलोत्री कुणाच्या दारात आला की आधी रामराम न्हाई, सलाम न्हाई. दिसंल त्या जनावराच्या पोटात बोटं खुपसणार. सलोत्री म्हंजे जनावरांचा सरकारी वैद्य. निजामाच्या घोड्यांवर हात बसवून आमच्या आष्टीच्या दवाखान्यात येऊन पडलेला. माणसाशी बोलायची अक्कल त्याला कवाच न्हवती. कुत्र्याचा गू काडीनं उकरायचा आन डोळे मिटून असा हुंगायचा, जणू अत्तरच. वर तोंडात एकच, "जबान झूट बोलती, हात न्हाई."

माझी बायको गेली. तिच्यामागं तिची काळी कुत्री, मैना, वाळत चालली. दोन्ही टाइम भाकर खायची, तरी बरगड्या वर. पातळ हगायची. गल्ली म्हणायची, मालकिणीसाठी झुरती. मलाबी ते बरं वाटायचं. घरात झुरणारं आणखी कुणीतरी हाय, म्हणून.

मियाँनं आधी जंताची पुडी दिली. पंधरा दिवस झाले, एक जंत पडला न्हाई. मग बेट्यानं तिला उभी करून, कणीक मळल्यागत पोट चाचपलं.

"झुरत न्हाई ही. झुरणारं जनावर भाकरीला तोंड लावत न्हाई. हिच्या आतड्यात गाठ हाय, दादा. वाढती. दवा न्हाई."

माझं टाळकंच सरकलं. "मियाँ, गू हुंगून तुला माया कळती व्हय बे?"

"हात लाव."

"मी कावून लावू?"

त्यानं माझं मनगट धरून लावलाच. कातड्याखाली लिंबाएवढं टणक काहीतरी सरकलं. मैनानं माझं कोपर चाटलं. मी शिव्या घालत हात वढून घेतला. त्याचा तिथंच राहिला.

"माझी बीबी अशीच वाळली," तो कुत्रीकडं बघतच म्हणला. "हकीम पडद्याबाहेर बसला. आतून तिचं मनगट तेवढं बाहेर आलं. नाडी धरून म्हणला, माहेरच्या आठवणीनं झुरती. मीबी मान हलवली. दिवसभर घोड्यांची पोटं चाचपायचो, दादा. घरी एकदा हात लावला न्हाई."

"चहा घेतो का?" म्हणलं. न्हाई म्हणला. येडाच तो.

मैना आणखी अकरा दिवस जगली. दवा न्हाई म्हणणारा हा रोज यायचा. रामराम न्हाई, सलाम न्हाई. खाली बसायचा आन तिच्या पोटावर हात ठेवायचा. दाबत न्हवता आता. नुसता ठेवायचा.