जावयाच्या वाटचा शिरखुर्मा

महाडच्या सईदभाई टेम्पोवाल्यांनी ईदच्या सकाळी शिरखुर्म्याच्या पातेल्यात मूठभर काजू-बदामाची पूड टाकली, ती पूर्ण विचार करून. (घोळ तिथेच झाला. त्या घरात विचार करण्याचं काम त्यांच्या बायकोकडे, परवीनभाभींकडे होतं.)

होणारा जावई शहबाज आईला घेऊन पोलादपूरहून पहिल्यांदाच जेवायला येणार होता, आणि त्याला काजू-बदामाची ॲलर्जी होती. म्हणून परवीनभाभींनी सुका मेवा डब्यात बंद केला होता. पण भावाने दुबईहून पाठवलेला मेवा घरात असताना जावयापुढे नुसत्या शेवया ठेवायच्या? सईदभाईंना नाक कापल्यासारखं झालं. त्यांनी अंदाज बांधला. मागे अख्खा बदाम खाल्ला तेव्हा पोराचे नुसते ओठ सुजले होते. मग पातेलंभर दुधात मूठभर पूड म्हणजे फार तर एखादी शिंक!

बर्फ आणायला बाजारात गेले, तिथे डॉक्टर भेटले. सईदभाईंनी दुसऱ्याच कुणाचं विचारल्यासारखं विचारलं, "डॉक्टरसाहेब, मागच्या येळी थोडक्यात निभावलं, तर आता पण थोडक्यातच ना?"

"ॲलर्जी तसा करार लिहून देत नाही, सईदभाई. मागे ओठ सुजले, पुढच्या वेळी श्वासही अडकेल. किती जोरात येईल ते आधी कुणालाच सांगता येत नाही. काल आंबेनळी घाट सुखरूप उतरलात म्हणून आज ब्रेकवरचा पाय काढता का?"

बर्फ तिथेच राहिला. सईदभाई (वजन चौऱ्याण्णव किलो) चवदार तळ्यापासून घरापर्यंत पळत आले.

दारातून बघतात तर शहबाजने वाटी ओठांशी नेलेली. त्यांनी झडप घालून ती हिसकावली. आता सांगायचं काय? तुमच्या पोराला मारायला निघालो होतो म्हणून? लेकीचं, अम्बरीनचं लग्न तिथल्या तिथे मोडलं असतं.

"साखर बघतो!" म्हणत त्यांनी वाटी रिकामी केली.

परवीनभाभींनी डोळे वटारत दुसरी आणली.

"वेलची बघतो!" तीही गेली. तिसरीला कारणच सुचेना, तेव्हा न बोलताच प्यायले. शहबाजची आई ओढणी तोंडाला लावून बघत राहिली.

मग परवीनभाभी रिकाम्या हाताने बाहेर आल्या, आता त्या जाब विचारणार या भीतीने सईदभाईंचा धीर सुटला. शहबाजचे दोन्ही हात धरून ते रडायलाच लागले.

"बेटा, खाऊ नको! पातेल्यात मी काजू-बदाम घातलाय. अक्कल चरायला गेलती माझी!"

"ते मला सकाळीच कळलं," परवीनभाभी म्हणाल्या. "डबा उघडा टाकून गेलात ना! ते पातेलं बाजूला ठेवलं नि शहबाजसाठी धुतलेल्या भांड्यात नवा केला. तीनच वाट्या झाला."

"म्हणजे मी प्यालो तो..."

"तोच."

सईदभाई मटकन खाली बसले. पोर वाचलं, लग्न वाचलं! त्यांना इतकं हलकं वाटलं की रडता रडता हसू फुटलं, मग शहबाजही हसला, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. (भांडं अर्थात रिकामं होतं. ईदच्या दिवशी जावयाने केळं खाल्लं.)

निघताना शहबाजच्या आईने परवीनभाभींना बाजूला घेतलं.

"भाभी, पुढच्या येळी माझ्या पोरासाठी येगळं काय करू नका. त्याला केळं पण चालतं. सईदभाईंचं तेवढं येगळं करा, आणि त्यांना आधी वाढा."