लोपीस काका आणि बाईवरचा आळ

आमच्या शेजारचे लोपीस काका एका बाईच्या अब्रूसाठी शारजातल्या आमच्या अल मजाज भागभर भांडत असत, आणि ती बाई वारून चारशेच्या वर वर्षं झाली होती.

लिफ्टमध्ये भेटल्यावर लोक "आज काय ह्युमिडिटी आहे" म्हणतात. काका म्हणत, "वहिनी, अजून तिचंच नाव छापतायत बघा." पहिल्यांदा मी दचकलेच. वाटलं, बिल्डिंगमधल्याच कुणाबद्दल बोलतायत. आमच्या ऋचाची तर खात्री होती. "मम्मा, इज शी हिज गर्लफ्रेंड?"

काका वसईचे. तरुणपणी फादर व्हायला सेमिनरीत गेले, लॅटिन शिकले आणि फादर व्हायच्या आधीच बाहेर पडले. का, ते कधी सांगितलं नाही. मग शारजात एका शिपिंग कंपनीत मालाचे कागद तपासायला लागले. लग्न केलं नाही आणि लॅटिन सोडलं नाही. एकदा सुट्टीत मुंबईच्या फुटपाथवर त्यांना एक जुनं लॅटिन पुस्तक मिळालं. नावावरून व्याकरणाचं वाटलं म्हणून घेतलं.

"चार पानं वाचली, वहिनी, आणि कळलं, हे व्याकरण निराळंच आहे."

पुस्तक चावट होतं. साधं चावट नव्हे, कानशिलं तापवणारं. आणि त्यावर छापलेलं की हे एका स्पॅनिश विदुषीनं लिहिलं आणि एका डच प्रोफेसरानं लॅटिनमध्ये आणलं. दोन्ही थापा. लिहिलं होतं एका फ्रेंच वकिलानं. ती विदुषी बिचारी राजकन्येला शिकवणारी, कविता करणारी.

"तिला जाऊन शंभर वर्षं झालेली. प्रोफेसरही वारलेला. मेलेली माणसं केस करत नाहीत, हे वकिलाला बरोब्बर ठाऊक!" काका टेबलावर बोट आपटत. "आमच्याकडे मालाच्या कागदावर, बिल ऑफ लेडिंगवर, एक नाव चुकलं तर अख्खा कंटेनर अडकतो. बाईचं नाव चुकलं तर? खलास! कुणाला पडलेलीच नाही. आळ आहे हो, आळ!"

हेच पुस्तक बॅगेत घालून ते परत आले, तेव्हा एअरपोर्टवर ऑफिसरनं ते उघडून पाहिलं. कुठली भाषा? लॅटिन. म्हणजे चर्चची? खोटं बोलणं काकांना जमत नसे. ते म्हणाले, "भाषा चर्चची आहे, हबीबी. मजकूर नाही." ऑफिसरला वाटलं म्हाताऱ्यानं जोक केला. तो हसून म्हणाला, "यल्ला, यल्ला," आणि हातानंच पुढे जायची खूण केली.

आमच्या मराठी मंडळात काका म्हणजे करमणूक होती. त्यांना मुद्दाम छेडायचं, ते तापले की हसायचं. त्यात वाईट हेतू कुणाचा नव्हता. मग त्या वर्षी गणपतीनंतर एक लावणी फिरायला लागली.

मंडळाचे अध्यक्ष आणि त्यांची मेव्हणी यांच्यावर रचलेली, खाली नाव नसलेली, झेरॉक्स काढून कुणीतरी घरोघरी दाराखालून सरकवलेली. बायकांनी वाचून फाडली, पण वाचली सगळ्यांनीच. काका त्यांची प्रत घेऊन माझ्याकडे आले. घसा खाकरला, नजर पंख्याकडे लावली आणि विचारलं, "वहिनी, कंचुकी म्हणजे काय हो? कुणा बाईचं आडनाव आहे का?"

चोळी, मी सांगितलं. ते इतके लाजले की चहा तसाच टाकून गेले.

दोन दिवसांत लोकांनी लेखिका ठरवूनही टाकली. सुरेखा पाटणकर. पुरावा एवढाच, की मंडळात कविता वाचणारी ती एकटीच होती. नवरा अबुधाबीकडे तेलाच्या साइटवर असायचा, आठवड्यातून एकदा घरी यायचा. कुणीतरी त्याला कॅम्पवर फोन केला. सुरेखा माझ्या किचनमध्ये ओट्याला टेकून उभी राहिली. रडत नव्हती. "व्हिसा कॅन्सल करतो, इंडियात जा म्हणतोय," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी अध्यक्षांच्या घरी मीटिंग होती. सुरेखा आली नव्हती. तिला मंडळातून काढायचा विषय निघाला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीतून लोपीस काका उभे राहिले.

"ती लावणी माझी आहे."

आधी सगळे हसले. मग हसणं थांबलं.

"लोपीस, तुम्ही?" अध्यक्ष म्हणाले.

"हो. लॅटिनमध्ये वाचून वाचून हात बसला."

लोकांनी लगेच विश्वास ठेवला. इतकी वर्षं तसलं पुस्तक उशाशी घेऊन झोपणारा एकटा पुरुष; दुसरं कोण लिहिणार? माझ्या तोंडापर्यंत कंचुकी आली होती. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले.

घरी येताना मी लिफ्टमध्ये त्यांना धरलं. "काका, का केलंत हे?"

"तिचा संसार मोडला असता, वहिनी. माझ्याकडे मोडण्यासारखं काय आहे? एक टेपरेकॉर्डर. तोही आधीच बिघडलाय."

त्यानंतर मंडळाचं आमंत्रण त्यांना बंद झालं. लिफ्टमध्ये ते असले की बायका पुढच्या लिफ्टसाठी थांबायच्या. काका अदबीनं मान झुकवत आणि एकटेच वर जात. खरी लावणी कुणी लिहिली, ते आजतागायत कळलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी काकांची बेल वाजली. मी पीपहोलमधून पाहिलं. सुरेखा आणि तिच्या शेजारी तिचा नवरा. साइटवरच्या उन्हात भाजलेला, धिप्पाड माणूस. मला धडकी भरली. आता मारामारी होणार म्हणून मी दार उघडायला कडीला हात घातला, तेवढ्यात त्याच्या हातातला डबा दिसला. सुरमईच्या कालवणाचा वास कॉरिडॉरभर सुटला होता. काकांनी दार उघडलं. तो खाली वाकला आणि त्यांच्या पाया पडला. काका इतके गोंधळले की तेही खाली वाकले, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

थोड्या वेळानं माझ्या दारावर टकटक झाली. काका उभे होते. घाईत भांग पाडलेला, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"वहिनी, दोन ताटं मिळतील का?" ते अगदी हळू म्हणाले. "माझ्याकडे जेवायला पाहुणे आलेत. ताट एकच आहे."