गाडी कुणाला लागते?

"आमच्या घराण्यात आजवर कुणालाही गाडी लागलेली नाही. हे सगळं बापाकडून आलंय," असं म्हणत सासूबाई रोसमानिदार चार वर्षांच्या अफिफाच्या पोटावर हिरव्या बाटलीतलं झोंबरं तेल चोळू लागल्या.

जुल्हेंद्रीने मान डोलावली. बायकोच्या आईच्या घरात राहणाऱ्या जावयाने दुसरं करायचं तरी काय? पण आज त्याने मनाशी पक्कं ठरवलं होतं. मनिन्जाउ तळ्याकाठी बायकोच्या थोरल्या मावशींच्या नातीचं लग्न होतं, सगळं गणगोत जमणार होतं. तिथे पोरगी हसतखेळत उतरवायची आणि सासूबाईंचं तोंड एकदाचं बंद करायचं.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्याने केलं. पोरीला सकाळी थोडासाच भात दिला, मोबाईल काढून घेतला, मागच्या सीटवर मधोमध, समोरचा रस्ता दिसेल असं बसवलं. राहिली फक्त खिडकी.

"अमाक, काच जरा खाली करू का? पोरीला हवा लागेल," स्टिअरिंगवर बसत त्याने सासूबाईंना विचारलं.

"हवा लागेल म्हणूनच तर बंद ठेवायची! अंगात वारा शिरला की उलटी होते. शेंबड्या पोरालाही कळतं हे. तुमचे डॉक्टर कुठले, जकार्त्याचे का?"

"वाद नका घालू हो," शेजारी बसलेली बायको, नेली, कुजबुजली.

काचा बंद झाल्या. वारा बेंबीतूनच शिरतो, म्हणून सासूबाईंनी नातीच्या बेंबीवर औषधी पट्टी चिकटवली. मग घाट सुरू झाला. तळ्याकडे उतरणारा चव्वेचाळीस वळणांचा घाट, दर वळणाला आकड्याची पाटी. पाटी दिसली की सासूबाई तेलाची बाटली उघडत. आधी कपाळाला, मग मानेला, मग कानामागे. गाडीत सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले. नेलीने नाकाला ओढणी लावली.

अफिफा मात्र खुशीत होती. "बाबा, माकड! ते बघा, त्याने त्या काकांचं केळं पळवलं!"

"हलू नकोस गं, भवाने. पाय दे इकडे," म्हणत सासूबाई खाली वाकून तिच्या तळव्यांना तेल लावू लागल्या. वळणामागून वळणं गेली, तरी त्यांची मान काही वर येईना.

जुल्हेंद्रीने आरशात पाहिलं. पोरगी टवटवीत. सासूबाई पांढऱ्याफटक.

"अमाक, बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय?"

त्यानंतर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हाच त्याने ओळखायला हवं होतं.

"थांबवा! अहो, थांबवा!" नेली ओरडली.

त्याने ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता. लग्नासाठी काढलेली सासूबाईंची जरीची ओढणी कामी आली.

आता खरं तर जुल्हेंद्रीला हसू फुटायला हवं होतं. पण रस्त्याकडेच्या झऱ्यावर ओढणी खळबळणाऱ्या सासूबाई त्याला एकदम म्हाताऱ्या दिसल्या आणि फार वाईट वाटलं.

"तिथे कुणाला सांगू नका," त्या वर न बघता म्हणाल्या.

लग्नघरी थोरल्या मावशी दारातच उभ्या होत्या. "रोस, ओढणी ओली कशी गं? कोण ओकलं? पोरगी ना?"

पोरीवर आळ येऊ द्यायचा नाही आणि सासूबाईंचा शब्दही मोडायचा नाही. जुल्हेंद्री पुढे झाला. "मी."

मांडवातल्या सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. "अगंबाई! चालवणाऱ्यालाच गाडी लागली!"

"दात काय काढताय?" सासूबाई कडाडल्या. "घाटात गाडी हाकून बघा एकदा, मग हसा!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या जावयाची बाजू घेऊन आज पहिल्यांदाच बोलल्या. नेली बघतच राहिली.

थोरल्या मावशींनी मात्र डोळे बारीक केले. "पुढे बसलेला जावई ओकला आणि मागे बसलेल्या तुझी ओढणी भिजली? रोस, मला शिकवू नकोस. तुझ्या वरातीची बस दर वळणाला कुणासाठी थांबत होती? आणि आपली आई जन्मभर तळं सोडून वर का गेली नाही, ठाऊक आहे ना? आपल्या घरात पोटातून येतं हे, पिढ्यान्‌पिढ्या!"

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. जुल्हेंद्रीने मान खाली घालून ओठ घट्ट मिटले. सासूबाई लालबुंद झाल्या, उगाचच नातीचे केस सारखे करत राहिल्या आणि मग जावयाकडे न बघता पुटपुटल्या,

"जाताना पुढे मी बसेन."