घाट चढून आलेला समुद्र

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की भोरमध्ये घरोघर हंड्यात तुरटी फिरवतात. मीही फिरवतो. पण शेजाऱ्याच्या समुद्रात तुरटी फिरवणारा तालुक्यातला पहिला माणूस मीच असेन.

हा समुद्र यासीनभाईंच्या ओटीवर, काचेच्या टाकीत होता. यासीनभाई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत असलेले शेजारी, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. वरंधा घाटातून भोर-महाड गाडी त्यांनी इतकी वर्षं चालवली, की अजूनही घरातल्या घरात कोपऱ्यावर वळताना ते खाकरतात. हॉर्न म्हणून. त्यांच्या लेखी जगातली प्रत्येक गोष्ट एक तर ‘लागलेली’ असते नाही तर ‘सुटलेली’. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा गाडी लागली होती. अक्षता पडल्या, सुटली.

त्या वर्षी जैतूनभाभी अंगणात पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर त्या मुलाकडे पुण्याला राहिल्या. तीन महिन्यांनी घरी यायच्या होत्या. भाभी गेल्या आणि महिन्याभरात यासीनभाई श्रीवर्धनहून वीस-वीस लिटरचे आठ कॅन भरून घेऊन आले. वाटेत कंडक्टरनं विचारलं म्हणे, “चाचा, कॅनमध्ये काय?”

“समुद्र.”

“आणि सांडला तर?”

“तर वल्हवायचं. तुमी तिकिटं फाडा.”

टाकीत वाळू, दगड, खारं पाणी, बुडबुडे सोडणारा पंप, सगळं होतं. मासा मात्र एकही नाही. होती ती एक मेलेली कोळंबी. ती कुजत होती आणि यासीनभाई तिच्याकडे कौतुकानं बघत होते.

“भाई, हे काय?”

“मास्तर, मासं हगणार का न्हाई? त्येचं इख व्हतं. समुद्र मोटा, त्येला खपतं. हितं मासं मरायचं. म्हून इख खानारं पब्लिक आदी बसवायचं. डोळ्याला दिसत न्हाई, पन लई बारीक जीव अस्त्यात. पैली पार्टी इख खाती आन् दुसरं इख करती. ते खायाला दुसरी पार्टी. दोनी चढल्या की मगच मासं.”

“आणि कोळंबी कशाला?”

“पब्लिकला जेवान नको?”

पुण्यातल्या मासेवाल्या दुकानदारानं त्यांना हे शिकवलं होतं. एक तपासायची पेटीही दिली होती. रोज सकाळी यासीनभाई बारीक नळीत टाकीतलं पाणी घेत, त्यात थेंब टाकत आणि नळी उजेडात धरत. हिरवं झालं तर विष, पिवळं झालं तर विष संपलं. मग कॅलेंडरवरचा त्या दिवसाचा चौकोन खडूनं त्याच रंगात रंगवत. आळीतला येणारा-जाणारा डोकावून विचारायचा, “चाचा, मासं कुठं?”

“गाडी लागलीय.”

“पंधरा दिस झालं की!”

“पब्लिक चढतंय. घाई आसंल तर वडापच्या जीपनं जावा.”

मग भाचीच्या लग्नाला ते तीन दिवस साताऱ्याला गेले. किल्ली माझ्याकडे. “पंप चालू हाय का येवढंच बघा. बाकी हात लावायचा न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं, तर टाकीतलं पाणी ताकासारखं पांढरं! वर वास. माझ्यातला सज्जन शेजारी जागा झाला. मी कोळंबी काढून मांजराला घातली, हात कोपरापर्यंत आत घातला आणि आईनं शिकवल्याप्रमाणे तुरटी सात वेळा उजवीकडून फिरवली. तासाभरानं मन भरेना, म्हणून आणखी सात. पाणी आरशासारखं झालं. शाबासकी घ्यायला मी यासीनभाईंची वाटच बघत बसलो.

ते आले. टाकीकडे बघितलं. वास घेतला. माझ्या हातातला तुरटीचा खडा बघितला.

“मास्तर,” ते अगदी हळू म्हणाले, “पांडरं झालं म्हंजे पब्लिक आलं व्हतं. तुमी भरलेली गाडी रिकामी केली.”

दुकानदारानं फोनवर सांगितलं, सगळं पाणी ओतून द्या, पहिल्यापासून सुरू करा. भाभी यायला महिना उरला होता. यासीनभाई ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं कॅलेंडर उलटं करून भिंतीला लावलं. त्या रविवारी मी न विचारता चार कॅन उचलले आणि त्यांच्याबरोबर श्रीवर्धनला गेलो.

तिथं ओहोटीनं उघड्या पडलेल्या खडकांत पाण्याची डबकी राहिली होती. यासीनभाईंनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि डबक्यातले भोकाभोकांचे दगड ओलेच कॅनमध्ये घातले. “ह्येंच्यावर पब्लिक आदीच बसल्यालं अस्तंय.” मग डबक्यात वाकून म्हणाले, “हिचं माहेर हितंच, त्या माडांच्या मागं. ल्हानपनी ह्या डबक्यांत मासं धरायची. डाक्टर म्हनला, आता घाटाचं हेलकावं बंद. कायमचं.”

मी पुढच्या कॅनचं झाकण उघडून त्यांच्यापुढे धरलं.

“तिला घाट उतरता येत न्हाई. मग समुद्रानंच चढायचा. दुसरं काय?”

दगडांनी काम केलं. हिरवा, हिरवा, पोपटी... आणि चोविसाव्या दिवशी पिवळा! दुसऱ्या विषाची नळीही स्वच्छ निघाली. यासीनभाईंनी ती नळी आळीभर फिरवली. किराणावाल्यानं ती नमस्कार करून परत दिली. त्याच दिवशी ते श्रीवर्धनला गेले आणि दुसऱ्या दिवशी मांडीवर बादली, बादलीत बॅटरीचा पंप आणि काळ्या पट्ट्यांचे तीन मासे घेऊन आले. घाटातल्या प्रत्येक वळणाला अख्खी एसटी विचारत होती म्हणे, “हायेत का?” आणि मागच्या बाकावरून उत्तर जायचं, “हायेत!”

चार दिवसांनी भाभी आल्या. वॉकरवर टेकत ओटीवर आल्या आणि थांबल्या. मासे दगडाच्या भोकातून आत-बाहेर करत होते. आळी दारात गोळा झाली होती. भाभींनी बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं.

“आगं, हात नको घालू! टेस्ट बिगडंल!” यासीनभाई ओरडले.

भाभींनी ऐकलंच नाही. “आमचंच हाय,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा बोट बुडवलं. यासीनभाई एकदम पंपाची नळी नीट करायला टाकीमागे गेले. नळी नीटच होती. बराच वेळ ते तिथंच होते.

घरी आल्यावर मी बायकोला म्हटलं, “काय माणूस आहे! बायकोसाठी समुद्र उचलून आणला.”

तिनं चहाचं आधण ठेवलं आणि म्हणाली, “माझं माहेर विंझरला आहे, तासाभरावर. तिथून काही उचलून आणू नका. मला तेवढं एसटीत बसवून न्या.”