पोलीस खात्यातला चोर

"सर, न धुयेल शर्ट शे का एखादा?"

रविवारी सकाळी सात वाजता नथूभाऊ दारात उभे राहून हा प्रश्न विचारायचे, आणि माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "आले तुमचे दोस्त, घाम मागायला."

नथूभाऊ धुळ्याला देवपुरात आमच्या शेजारी राहायचे. नोकरी पोलिसांच्या श्वानपथकात, कागदोपत्री ड्रायव्हरची. पण कुत्र्यांना चोर पकडायला शिकवायचं तर चोर लागतो, आणि खरे चोर सरावाला येत नाहीत. एकदा साहेबांनी नथूभाऊंकडे बोट दाखवलं, ते पुढे वीस वर्षं खाली आलंच नाही. डाव्या हातावर गोणपाटाची जाड बाही चढवायची, मैदानात पळायचं, मागून आलेल्या कुत्र्याला ती चावू द्यायची, आणि कुत्र्याने नीट धरली की हात काढून घेऊन बाही त्याला बक्षीस द्यायची. लग्नात, बारशात, कुठेही ओळख करून देताना ते छाती काढून सांगायचे, "मी पोलीस खातामाधला चोर शे."

शर्ट मागण्यामागे त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. "रोज एकच वास उना, तर कुत्राले वाटी, जगमा चोर एकच शे." म्हणून कॉलनीतल्या सगळ्या पुरुषांचे घामट शर्ट पिशवीत भरून ते कामावर जायचे आणि एकेक अंगावर चढवून पळायचे. परत देताना शेराही द्यायचे. किराणावाल्या शेठजींचा सदरा एकदम सोपा, त्याला हिंग-धन्याचा वास. माझ्याबद्दल मात्र ते आदराने म्हणाले, "सर, तुमना घाम बारीक शे. कुत्राले डोकं चालावनं पडस." हे कौतुक होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही. तरी मी ते शाळेत दोघातिघांना सांगितलं.

चोरीच्या बातम्या ते परीक्षकासारखे वाचायचे. "चाळीस पावलंमा सापडना! मागे पाह्यं आसन. नवशिका."

त्यांच्या हाताखालून, म्हणजे हातावरून, बरीच कुत्री गेली. पण जीव होता बिजलीवर. बेल्जियन जातीची, तांबूस अंगाची, काळ्या तोंडाची. बसणं हा प्रकार तिला ठाऊक नव्हता. सोनवणे हवालदार तिला सांभाळायचे असं म्हणत. प्रत्यक्षात तीच त्यांना पट्ट्यासकट ओढत न्यायची.

एकदा पोलिसांनी शाळांसाठी प्रात्यक्षिक ठेवलं. रांगेत दहा माणसं उभी होती, त्यांत नथूभाऊ. सोनवण्यांनी बिजलीला चोराचा रुमाल हुंगवला. रुमाल नथूभाऊंचाच होता, पण तो आठवडाभर पिशवीत माझ्या शर्टाला गुंडाळून राहिला होता. बिजली रांगेवरून नाक फिरवत गेली, वळली, आणि सोनवण्यांना फरफटवत सरळ शिक्षकांच्या खुर्च्यांकडे आली. माझ्यासमोर थांबली आणि भुंकायला लागली. अख्खी शाळा उभी राहून टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरलो तर फळ्यावर लिहिलेलं, "सर सापडले."

संध्याकाळी नथूभाऊ पेढे घेऊन आले. माफी मागायला नाही, आनंदाने. "पाह्यं ना सर? रुमाल मना, पण वास तुमना! तिले फसाडनं सोपं नहीं!"

गेल्या वर्षी बिजली आणि नथूभाऊ एकाच महिन्यात निवृत्त झाले. सोनवणे आधीच निवृत्त होऊन पिंपळनेरजवळ शेती करत होते. त्यांनी रीतसर अर्ज करून बिजलीला घरी नेलं आणि दर पंधरा दिवसांनी फोन लावायला सुरुवात केली: येऊन जा, नथू. नथूभाऊंचा कधी गुडघा दुखायचा, कधी घरी पाहुणे यायचे, कधी ऊन फार असायचं. शेवटी मीच म्हटलं, "मी येतो सोबत. चला."

बसमध्ये ते साक्री गेल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सर, वीस वरीसमा एक बी कुत्राले मी हात लायेल नहीं."

"म्हणजे?"

"चोरनी कुत्राना लाड कसा करवा? साहेब सांगेत, चोरनी लाड करा तर कुत्रं चावाले लाजस. सराव व्हयना का बाकीना लोके तिले पाव खावाडेत, मी गाडीमा बशी ऱ्हाऊ." मग म्हणाले, "ती मले दुश्मनच समजस. आते म्हातारी व्हयनी. कशाले तिले त्रास?"

इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो, पण हे मला माहीत नव्हतं.

सोनवण्यांच्या खळ्यात बिजली खाटेखाली पडली होती. तोंडावरचा काळा रंग पांढरा झालेला. मी आत गेलो, तिने मान उचलली नाही. मग मागून नथूभाऊ बांधावरून उतरले. बिजलीचं नाक वर झालं, आणि ती सुटली.

मी सोनवण्यांच्या आड झालो. नथूभाऊ पळाले नाहीत. त्यांचा डावा हात आपोआप पुढे आला. बाही नव्हती, नुसता हात, दातांच्या जुन्या पांढऱ्या खुणांनी भरलेला. दोन हात अंतरावर येऊन बिजली गर्रकन वळली, खाटेखाली घुसली, गोणपाटाचा एक चिंधा ओढून काढला, आणि तो आणून नथूभाऊंच्या पायावर टाकला. पुढचे पाय पसरून ती त्यांच्याकडे बघत राहिली. शेपटीबरोबर मागचं अर्धं अंग हलत होतं.

"आठ महिना व्हयनात," सोनवणे म्हणाले. "तो चिंधा हालाई हालाई मना हात दुखी गया, पण मनाकरता ती कधी उठनी नहीं. अरे नथू, तू तिना चोर कधी व्हताच नहीं. तू तिना खेळ व्हता. सकायले तुन्या गाडीना आवाज उना का पिंजरामा उड्या मारे. तुले वाटे, राग शे."

नथूभाऊ मग साहेबांसमोर उभं राहावं तसे सरळ झाले आणि सोनवण्यांना म्हणाले, "हात लावू का तिले?"

"लाव ना भो! इचारस काय?"

गुडघा वाकेना, म्हणून ते तसेच मातीत बसले. तवा तापलाय का पाहावं, तसा बोटं टेकवून लगेच हात मागे घेतला. मग पुन्हा ठेवला. बिजलीने आपलं सगळं वजन त्यांच्या अंगावर टाकलं आणि डोळे मिटले.

बऱ्याच वेळाने ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "सर, आठे या ना. कान पाहा तिना. कितला मऊ शेत."

मी जाऊन हात लावून पाहिला. खरंच फार मऊ होते.